इंग्रजी शब्दांची कुळकथा: एटिमऑनलाइन

डग्लस हार्पर यांचा ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ (एटिमऑनलाइन) हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश फुकट आहे. पण तो वाचायची रीत आधी समजून घ्यायला हवी. नोंद उलटी चालते: आधी इंग्रजी रूप, मग फ्रेंच, मग लॅटिन, शेवटी आद्य इंडो-युरोपीय (युरोप-भारतातल्या बहुतेक भाषांची मानलेली आदिभाषा) धातू, म्हणजे शब्दाचं मूळ. धातूवर फुली (*) असली, तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, नात्यातल्या भाषांची तुलना करून बांधलेलं आहे. नवखे वाचक नेमकी ही फुली विसरतात.

दुसरी चूक सालाबाबत होते. दिलेला काळ शब्दाच्या जन्माचा नसतो, तो पहिल्या ज्ञात लेखी वापराचा असतो. बोलण्यात शब्द त्याआधीही असू शकतो.

‘नाइस’ची नोंद जरूर पाहा. लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. इंग्रजीत आला तेव्हा अर्थ ‘मूर्ख’, मग ‘चोखंदळ’, आणि बऱ्याच वळणांनंतर ‘छान’. ‘मसल’ (स्नायू) म्हणजे लॅटिनमधला छोटा उंदीर!

खरी मेजवानी धातूंच्या पानांवर आहे. *पेद् (पाय) उघडलं की पेडल, पायजमा, ऑक्टोपस, बुद्धिबळातलं ‘पॉन’ आणि संस्कृत पद एकाच घरातले निघतात.

उणीव म्हणाल तर मूळ अवतरणं फार कमी. प्रत्येक अर्थाचा तारीखवार पुरावा हवा असेल, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला पर्याय नाही. १९८९ची त्याची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे.