ड्रॅगन क्वेस्ट ११ एस की फायनल फँटसी १६: पहिला कोणता घ्यावा?

जपानी रोल-प्लेइंग गेम कधी खेळलेला नाही, एकच विकत घ्यायचाय आणि मन या दोघांत अडकलंय, अशांसाठी हे लिहितोय. आधी आकड्यांची भीती काढून टाका. दोन्हींची कथा स्वतंत्र आहे, मागचे भाग खेळले नसतील तरी काही अडत नाही. ड्रॅगन क्वेस्टच्या अगदी शेवटी जुन्या खेळाडूंना थोडी जास्त गंमत येते, इतकंच.

ड्रॅगन क्वेस्ट १९८६ साली आणि फायनल फँटसी १९८७ साली, दोन्ही फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या गेमयंत्रावर सुरू झाल्या. पहिलीची कंपनी एनिक्स आणि दुसरीची स्क्वेअर तेव्हा प्रतिस्पर्धी होत्या, २००३ मध्ये एकत्र आल्या. कंपनी एक झाली, पण या मालिकांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

ड्रॅगन क्वेस्ट ११ मूळ २०१७ चा. ‘एस’ ही सुधारित आवृत्ती २०१९ ला स्विचवर आणि २०२० ला इतरत्र आली. घ्यायचा तर ‘एस’च घ्या. त्यात संगीत खऱ्या वाद्यवृंदाचं आहे, लढाईचा वेग वाढवता येतो आणि वाटलं तर सगळा गेम जुन्या पद्धतीच्या टूडी रूपातही खेळता येतो. युजी होरींचं लेखन, अकिरा तोरियामांची पात्रं, कोइची सुगियामांचं संगीत हे त्रिकूट पहिल्या भागापासूनचं, आणि लढाईही अजून पाळीपाळीचीच. तुम्ही आज्ञा द्या, मग शत्रूची पाळी. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो.

मला यातली छोटी भट्टी फार आवडते. तलवार घडवताना लाल तापलेल्या धातूवर घाव घालायचे, प्रत्येक भागाची पट्टी हिरव्या टप्प्यात आणून थांबवायची. घावागणिक धातू निवत जातो, तसा घावाचा जोरही बदलतो. घाव मोजकेच. शेवटचा नेमका बसला की तीच तलवार जास्त ताकदीची होऊन हातात येते. दुकानात तयार मिळत असली तरी मी आधी भट्टीच पेटवतो.

दोष आहेत. सुरुवात संथ आहे, नायक मुका आहे, मोकळ्या मैदानातली धून तासन् तास तीच वाजते, आणि बायकांबद्दलचे काही विनोद आज खटकतात. पण सिल्व्हँडोसारखा सोबती भेटला की पुढे जावंसंच वाटतं. मुख्य कथेला ५० ते ६० तास धरा. आणि श्रेयनामावली सरकली म्हणून गेम बंद करू नका, त्यानंतर एक मोठा भाग बाकी असतो.

फायनल फँटसी १६ मध्ये (२०२३ ला पीएस५वर, नंतर पीसीवरही) पाळीची लढाई अजिबात नाही. ‘डेव्हिल मे क्राय ५’ या ॲक्शन गेमवर काम केलेल्या र्‍योता सुझुकींनी लढाई घडवली आहे, आणि ते पहिल्या झटापटीतच हाताला कळतं. अचूक क्षणी चुकवा, उलटा वार करा, गरुडा, टायटन अशा आयकॉनच्या, म्हणजे या जगातल्या महाकाय अद्भुत जीवांच्या, शक्ती बदलत राहा. बोटं तितकी चपळ नसतील तर आपोआप चुकवणाऱ्या अंगठ्या सुरुवातीलाच मिळतात. हे आयकॉन एकमेकांना भिडतात, तेव्हा मसायोशी सोकेन यांच्या संगीतासकट जे समोर घडतं त्याला दुसऱ्या गेममध्ये तोड नाही. राजकारण गुंतागुंतीचं आहे, पण प्रसंग मध्येच थांबवून कोण कोणाचं ते वाचायची सोय आहे. सगळ्या मालिकांनी ही उचलावी.

पण रोल-प्लेइंग म्हणून तो उणाच वाटतो. हातात फक्त नायक क्लाइव्ह. सोबत्यांची शस्त्रं, कौशल्यं तुमच्याकडे नाहीत, टॉरगल कुत्र्याला तेवढ्या आज्ञा देता येतात. शस्त्र निवडताना फक्त मोठा आकडा बघायचा. एवढी प्रचंड लढाई संपते आणि लगेच कोणाला जेवण पोचव, कोणाला सामान आणून दे, हे सुरू होतं. तिथे माझा तरी जीव कंटाळतो. कथा ३५ ते ४० तासांची आहे. रक्तपात, शिव्या, गुलामी सगळं उघड असल्यामुळे घरातल्या लहान मुलांसमोर लावण्यासारखा नाही.

पीसीवाल्यांचा निर्णय बहुधा मशीनच करेल. फायनल फँटसीला १७० जीबी एसएसडी आणि दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. ड्रॅगन क्वेस्ट साध्या गेमिंग लॅपटॉपवरही चालतो.

माझं मत विचाराल तर पहिला ड्रॅगन क्वेस्ट घ्या: पार्टी म्हणजे सोबत्यांचा गट सांभाळणं, जपून खर्च करणं, पातळी वाढवणं, हे सगळं तो धीराने शिकवतो. ॲक्शन गेम आधीच हातात बसलेले असतील आणि वेळ कमी असेल, तर मात्र क्लाइव्हकडे जा. तरीही ठरत नसेल तर दोन्हींचे डेमो फुकट आहेत. ड्रॅगन क्वेस्टचा जवळपास १० तासांचा, फायनल फँटसीचा दोनेक तासांचा, आणि दोन्हींतलं सेव्ह पूर्ण गेममध्ये पुढे नेता येतं.