कोलाडचं राफ्टिंग: पाणी झकास, फॉर्म भिकार

कुंडलिकेत राफ्टिंगला आम्ही पाच जण गेलो होतो, त्यात माझी पंधरा वर्षांची भाची. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं, तेवढ्या वेळातच सगळा धंदा. त्यामुळे तंबूत नुसती घाई. पोरगा फॉर्म पुढे करतो, ‘इथे सही, इथे सही’. बँकेच्या कर्जखात्यात बावीस वर्षं मी लोकांना हेच म्हणत आले, म्हणून चष्मा लावून वाचायला बसले.

पाचवं कलम: कंपनीच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू आला तरी मी किंवा माझे वारस भरपाई मागणार नाही.

‘मॅडम, फॉर्मॅलिटी आहे.’

फॉर्मॅलिटीच असेल तर खोडते म्हटलं. ‘खाडाखोड चालत नाही.’ मग खाडाखोडीवर सही केली, बँकेत चालते. त्याने सरांना फोन लावला, सरांनी ‘जाऊ दे’ म्हटलं.

खरं तर न खोडताही त्या कलमात फारसा दम नव्हता. दिल्लीतल्या ताज महाल हॉटेलातून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलं, की पार्किंगच्या टोकनवर ‘गाडीमालकाच्या जबाबदारीवर’ छापून हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा झटकता येत नाही. गाडीला एवढं संरक्षण, तर माणसाला कमी कसं असेल? पण फॉर्म अगदीच रद्दी नव्हे. लाटेने राफ्ट उलटली, खरचटलं, तर ‘धोका सांगितला होता’ म्हणायला त्यांना तो कामाला येतो.

भाचीचीही सही घेत होते! अल्पवयीन मुलाचा करार रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं आपलं सगळ्यात वरचं कोर्ट) 1903 मध्येच ठरवलंय. आणि मी मावशी, पालक नव्हे. शेवटी ताईचा होकार व्हॉट्सॲपवर मागवला.

आता राफ्टिंग. गाईड एक नंबर. भाचीच्या हेल्मेटचं बक्कल तुटलेलं मी दाखवलं, तेव्हा त्याने स्वतःचं काढून तिला घातलं आणि दुसरं आणायला पळाला. पण ते आधी बघायचं काम माझं होतं का? नेमकी हीच चूक पाचव्या कलमाआड लपवायची असते. लाटा मात्र वसूल, भाची अजून ‘फॉरवर्ड! फॉरवर्ड!’ ओरडत घरभर फिरतेय.

फॉर्मची प्रत मागितली तर दिली नाही. मी फोटो काढून ठेवलाय, पावतीसकट. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तोवर तरी डिलीट करू नका. पाचपैकी तीन तारे, तिन्ही गाईडचे.