डुगडुगणारी खुर्ची की जाम झालेलं शिलाई मशीन: आधी कशाला हात घालावा?

जुनी, थोडी बिघडलेली वस्तू घेऊन ती स्वतः दुरुस्त करायची हौस असेल, तर सांधे सुटलेली लाकडी खुर्ची आणि जाम झालेलं लोखंडी शिलाई मशीन हे दोन्ही चांगले पर्याय आहेत. पण खुर्चीचं काम सलग वेळ मागतं आणि फळ दुसऱ्या दिवशी देतं. मशीन रोज थोडं थोडं मोकळं होत जातं. रोज अर्धा-पाऊण तासच हाताशी असेल, तर आमचा कौल मशीनला.

जाम मशीन बहुतेकदा मोडलेलं नसतंच. आतलं जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि हलणाऱ्या प्रत्येक जोडावर रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर मुरू द्या, मग चाक हलक्या हाताने मागेपुढे करा. जोर लावू नका. शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा नेणाऱ्या भागात, अडकलेला दोऱ्याचा तुकडाही चाक अडवतो. मोकळं झालं की रॉकेल पुसून शिलाई मशीनचंच पातळ तेल घाला. खाद्यतेल घातलं तर ते वाळून पुन्हा तेच दुखणं.

चाक फिरतं, पण सुई हलत नाही? चाकाच्या मधला गोल स्क्रू बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) भरताना ढिला करतात, तो तसाच राहिलेला असू शकतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ झाली, तर दोष सहसा वरच्या दोऱ्याचा: त्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये तो नीट बसलेला नाही, किंवा तिथे लव साठली आहे. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचललं की चकत्या सैल होतात, दोरा तेव्हाच ओवा. सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला हवी. उलटी बसली तर टाका धरत नाही.

खुर्चीत घाई नडते. सैल सांध्यात खिळा ठोकणं हा सगळ्यात वाईट उपाय. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं-आक्रसतं, खिळा तसाच राहतो आणि कूस, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणारं लाकडाचं टोक, फाटते. सांधा पूर्ण उघडा, तुकड्यांवर चिकटपट्टी लावून नंबर टाका. जुन्या गोंदावर कोमट पाण्याचा थेंब ठेवा. थोड्या वेळाने बोटाला चिकट लागला तर तो सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद). नवा सरस जुन्या सरसाला धरतो, पांढरा गोंद धरत नाही. म्हणून पांढरा वापरायचा तर उघडं लाकूड दिसेपर्यंत खरवडा, पण कूस बारीक करू नका. फट उरलीच तर रंध्याचा पातळ छिलका कुशीवर चिकटवा. मग गोंद लावून सांधे बसवा, पायांभोवती दोरी गुंडाळून काठीने पीळ द्या आणि खुर्ची सपाट जमिनीवर ठेवा. चारही पाय टेकतात का, हे गोंद ओला असतानाच बघायचं, वाळल्यावर इलाज नाही. पुढचे 24 तास कुणी बसायचं नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. खुर्चीच्या बारीक भोकांतून ताजी फिकट भुकटी गळत असेल तर कीड जिवंत असण्याची दाट शक्यता आहे, ती नको. मशीनच्या ओतीव बॉडीला तडा असेल किंवा काही जुन्या मशीनमध्ये असतं ते लांब शटल हरवलेलं असेल, तर तेही नको. बाकी ओरखडे, उडालेलं पॉलिश, झिजलेली नक्षी खुशाल राहू द्या. टाका सरळ पडू लागला की नक्षी अर्धी गेलेलं मशीनही मनापासून आवडायला लागतं. फक्त जुनं काळं मशीन स्पिरिटने पुसू नका. वरचं शेलॅक (लाखेचं पॉलिश) विरघळतं आणि उरलेली नक्षीही निघून जाते. मशीनच्या तेलात भिजवलेला मऊ फडका पुरे.