सात पोर्टांचा पॉवर्ड हब: अर्धं दुखणं गेलं, अर्धं हबचं नव्हतंच

नाशिकच्या एम. जी. रोडवरून २३०० रुपयांना हा हब, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका यूएसबी पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा आणला, त्याला चार महिने झाले. यूएसबी ३.०, सात पोर्ट, प्रत्येकाला वेगळं बटण आणि १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर.

घेण्याचं कारण म्हणजे माझ्या दोन हार्ड डिस्क. दर थंडीत मी नांदूर मधमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. एका हळदी-कुंकू बदकापायी दोनशे फोटो निघतात, ते सगळे १ टीबीच्या डिस्कवर टाकतो आणि दुसऱ्या तशाच डिस्कवर त्यांची नक्कल ठेवतो. दोन्ही काळ्या, अगदी जुळ्या. बायकोने एकीला लाल टिकली चिकटवली, तेव्हापासून घरात ‘टिकलीवाली’ आणि ‘बिनटिकलीची’ अशीच नावं आहेत.

पूर्वी दोन्ही एका अडीचशे रुपयांच्या, बिनअडॅप्टरच्या हबवर लावायचो. एकटी असली की कुठलीही गुमान चालायची. दोघी एकदम लावल्या की टक्-टक् आवाज, कॉम्प्युटरचा ‘टुडुंग’, आणि कॉपी अर्ध्यात बंद. मला वाटलं डिस्क गेली. मग दोन्ही कॅबिनेटच्या मागच्या निळ्या पोर्टांत थेट लावून पाहिल्या, तर टक्-टक् गायब. डिस्क उपाशी होत्या, एवढंच. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. बिनअडॅप्टरचा हब तेवढ्यातलंच सगळ्यांना वाटतो, आणि डिस्क फिरायला लागताना सगळ्यात जास्त करंट मागते. कायम मागेच लावल्या असत्या, पण रोज टेबलाखाली शिरणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही.

नव्या हबने ही उपासमार पहिल्याच दिवशी मिटवली. टिकलीवालीवरून बिनटिकलीचीवर १८० जीबी अर्ध्या तासाच्या आसपास गेले, एकदाही तुटलं नाही. एका वायरीवर दोन डिस्क म्हणून वेग कमी झालाय असं जाणवत नाही. फिरत्या डिस्कचाच वेग सेकंदाला शंभरेक एमबी, वायरीची ताकद त्याहून बरीच मोठी.

मग भाच्याने हौसेने एक उद्योग केला. फाइली कॉपी करण्याऐवजी त्याने टिकलीवालीचा जसाच्या तसा क्लोन बिनटिकलीचीवर उतरवला. त्या दिवसापासून दोघी लावल्या की एकच दिसायची. ती काढली की दुसरी हजर! मी हब परत करायला तणतणत दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने डबा उघडलासुद्धा नाही.

“काका, एक काढली की दुसरी दिसते ना? आणि टक्-टक् नाही ना?”

“नाही.”

“मग हबला कशाला शिव्या देताय? घरी जाऊन डिस्क मॅनेजमेंट उघडा.”

डिस्क मॅनेजमेंट म्हणजे जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी विंडोजची खिडकी, स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की सापडते. तिथे एका डिस्कखाली ‘ऑफलाइन’ लिहिलं होतं, आणि माउस वर नेल्यावर सिग्नेचर कोलिजन असा निरोप. प्रत्येक डिस्कवर तिची ओळख पटवणारा एक आकडा असतो. क्लोन करताना तोही उतरतो, आणि एकाच आकड्याच्या दोघी आल्या की विंडोज एकीला दारातच उभी करतं. डाव्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ केलं, तिला नवा आकडा मिळाला, काम झालं. मात्र ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होतं तिच्या क्लोनवर हा प्रयोग करू नका. आकडा बदलला की त्या क्लोनवरून कॉम्प्युटर सुरू न होण्याची भीती असते. आणि मधेच ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर हात मागे!

विंडोज प्रत्येक डिस्कला ‘सी’, ‘डी’ असं एक अक्षर देतं, तिथेच ती अक्षरंही पक्की करून टाकली. आधी जी पहिली लागेल ती ‘ई’ व्हायची आणि फोटोंच्या सॉफ्टवेअरला फोल्डर सापडायचे नाहीत. आता टिकलीवाली ‘टी’, दुसरी ‘आर’.

तेव्हा विकत घेण्याआधी लक्षण बघा. टक्-टक् होऊन डिस्क तुटत असेल तर हा हब घ्या, पैसे वसूल आहेत. आवाज नाही आणि दुसरी नुसतीच दिसत नाही, तर खर्च शून्य.

तक्रारी आहेतच. अडॅप्टर एवढा जाडा की बोर्डवरची शेजारची पिन अडते. निळे दिवे इतके प्रखर की रात्री खोलीत मांडव घातल्यासारखं वाटतं, मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे. कॉम्प्युटर बंद केला तरी कीबोर्डचा दिवा जळत राहतो, कारण हबचा करंट उलटा आत जातो. म्हणून आता भिंतीवरचं बटणच बंद करतो. पोर्टांची बटणं सोयीची आहेत, पण नातवाने एकदा कॉपी चालू असताना दाबलं, आणि त्या दिवशीच्या करकोच्यांचे अकरा फोटो अर्धे राखाडी झाले. मूळ कार्डावर होते म्हणून वाचलो.

जुना हब टाकला नाही. त्यावर माउस आणि कार्ड रीडर आनंदाने चालतात.