खाऱ्या हवेत पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

रत्नागिरी-मालवणकडे .32 बोअरचं (म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) परवान्याचं शस्त्र घ्यायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळीच्याच धक्क्याने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परतताना पुढचं काडतूस नळीत ढकलते. काडतूस कमजोर निघालं, मॅगझिनची (काडतुसांच्या डबीची) वरची कड वाकली किंवा तेल चिकट झालं, की पुंगळी किंवा पुढचं काडतूस अर्ध्यात अडकतं. त्रास देणाऱ्या पिस्तुलात बऱ्याचदा दोष मॅगझिनचा असतो. आधी ते बदलून पाहा, मग पिस्तुलाला नावं ठेवा.

रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं चक्र चाप ओढणाऱ्या बोटाच्या जोरावर फिरतं, त्यामुळे एक काडतूस फुसकं निघालं तरी पुढचं समोर येतं. सरावात मात्र चाप लगेच ओढू नका. बार उशिराही उडतो. नळी निशाण्याकडेच धरून 30 सेकंद थांबा. आणि चक्रच अडलं, तर कारागिराशिवाय सुटणं कठीण.

गंज दोघांनाही धरतो. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवूच नका, चामडं ओल धरतं.

नियमित साफसफाई जमणार नसेल तर मी रिव्हॉल्व्हरच सांगेन. 25 मीटर रॅपिड फायर या नेमबाजी स्पर्धेचं वेड असेल तर .22 चं पिस्तूलच हवं: तिथे शेवटच्या फेरीत 4 सेकंदांत 5 गोळ्या सोडायच्या असतात.