बातम्यांचं ॲप: तीन तारे, तेही वार्ताहरांसाठी

वार्षिक वर्गणी भरून हे ॲप वापरतोय. जाहिराती नाहीत, अक्षर मोठं करता येतं, ठीक. मी आधी बघतो ते बातमीत कोण बोलतंय. इथे वार्ताहर स्वतः जागेवर गेलेला दिसतो. ज्याच्यावर आरोप झालाय त्याचं म्हणणं तिसऱ्या परिच्छेदातच येतं, तळाशी कोंबलेलं नसतं. 'सूत्रांनी सांगितले' मात्र फार. सूत्र कोणत्या खात्यातलं, नाव का लपवायचंय, एवढं तरी सांगा की!

मथळे देणारा कुणी वेगळाच असावा. 'धोका दुप्पट' असा मथळा. आत वाचलं तर दहा हजारांत एकाचे दोन. दुप्पट खरंच, पण घाबरवायची ही कुठली तऱ्हा?

चूक सुधारतात, पण गुपचूप. मजकूर बदलतो, खाली टीप नाही. दाद मागायला स्वतंत्र माणूसही नाही. (न्यूयॉर्क टाइम्सने २००३ मध्ये त्यासाठी 'पब्लिक एडिटर' नेमला आणि २०१७ मध्ये ते पदच मोडीत काढलं, मग यांच्याकडून काय अपेक्षा ठेवणार म्हणा.)

वर्गणी तूर्त चालू ठेवतोय ती कोर्टाच्या बातम्यांसाठी. तिथे मूळ निकालपत्राची लिंक देतात.