दोर की साखळी? वळवाच्या वाऱ्यात लहान विमान बांधताना

एप्रिल-मेमध्ये कराडच्या धावपट्टीवर वळवाचे ढग चढले की आधी वारा सुटतो, पाऊस मागून. रिकामं सेसना १७२, म्हणजे एका इंजिनाचं लहान विमान, जेमतेम साडेसातशे किलोचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे उघड्यावरचं विमान बांधावंच लागतं.

नायलॉनचा दोर थोडा ताणतो, झटका पोटात घेतो. पंखाखालच्या कडीतून जमिनीतल्या खुंट्याकडे साधारण ४५ अंशांत न्यावा, इंचभर ढील ठेवावी. फार आवळला तर पंखावर उलटा ताण येतो. फार सैल सोडला तर विमान उचकतं आणि आपटतं. गाठ न सरकणारी हवी. नायलॉनचा वैरी ऊन. तंतू पिसारले, चोळल्यावर भुकटी सुटली, की तो दोर विहिरीवर द्यावा. सुताचा किंवा तागाचा तर नकोच, भिजला की आखडतो.

साखळीला उन्हाची फिकीर नाही, पण ती ताणतही नाही. ढील राहिली तर प्रत्येक झोताचा हिसका थेट कडीवर बसतो. टोकाच्या स्प्रिंगच्या हुकावर भिस्त ठेवू नये, तो हिसक्याने उघडतो.

रात्रीपुरत्या मुक्कामाला आम्ही दोरच निवडू. कायमच्या जागेवर साखळी चालेल, मात्र ढील काढून आणि गंज तपासून.

काहीही वापरा, नाक वाऱ्याकडे, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या जखडणारं कंट्रोल लॉक लावलेलं हवं. पंखाच्या तिरप्या टेकूला मात्र बांधू नका. दोर घसरतो आणि थोड्याशा ओढीनेही टेकू वाकतो.